कच्च्या खर्ड्याच्या बाजूने

गाणे शिकायचे तर गुरू लागतो, चित्रकला शिकण्यासाठी मुंबईत 1857 पासून जे. जे. स्कूल आहे, तबल्याचा एखादा कायदा महिनोन्महिने घोटल्याशिवाय हातात बसत नाही, हे सगळे आपण निमूटपणे मान्य करतो. लेखनाच्या बाबतीत मात्र 'ते अंगातच असावे लागते' एवढे म्हणून विषय संपवतो. ज्याच्या अंगात आहे त्याला शिकवण्याची गरज नाही आणि ज्याच्या अंगात नाही त्याला शिकवून उपयोग नाही, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे. त्यात सापडलेला माणूस शाळेतल्या निबंधाच्या वहीवर उरलेले आयुष्य काढतो. त्या वहीत लाल शाईने ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलेले असते आणि तळाशी 'विस्तार हवा' असा शेरा असतो. विस्तार करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे मला तरी कोणी कधी सांगितल्याचे आठवत नाही.

लेखनकलेविषयीच्या पुस्तकांची गोडी मला लागली ती या न मिळालेल्या उत्तरापायी, आणि ती लागली फुटपाथवर. फोर्टमधल्या कचेरीतून सुटून सीएसएमटीकडे चालत निघाले की हुतात्मा चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांपाशी पाय रेंगाळतातच. तिथल्या विक्रेत्यांचे वर्गीकरण ग्रंथपालांना सुचणार नाही असे असते. मुखपृष्ठावर 'रायटिंग' हा शब्द दिसला की ते पुस्तक व्यावसायिक पत्रलेखनाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या गाइडांमध्ये जाऊन बसते. अशाच एका गठ्ठ्यात मला डोरोथिया ब्रँड या अमेरिकन लेखिकेचे 'बिकमिंग अ रायटर' मिळाले. मूळ पुस्तक 1934 सालचे. माझ्या हाती आलेली प्रत पुनर्मुद्रणाची होती, आणि आधीच्या मालकाने पट्टी लावून, पेन्सिलीने, फार नेटक्या रेघा मारल्या होत्या. पहिल्या काही प्रकरणांत दर पानावर रेघा होत्या. जिथे बाईंनी वाचकाला प्रत्यक्ष कामाला लावले आहे तिथून पुढे एकही नव्हती. मला तो मनुष्य लगेच ओळखीचा वाटला.

ब्रँडबाईंचे म्हणणे असे की नवोदिताला कथानक, संवाद, पात्रचित्रण वगैरे तंत्र शिकवण्याची घाई सगळेच करतात, पण त्याची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते. कोणाला मुळात लिहायलाच बसता येत नाही, कोणाचे एक पुस्तक होते आणि मग झरा आटतो, कोणी लांबलांब अंतराने कधीतरी लिहितो, तर कोणाचे लेखन सुरू जोरात होते आणि मध्येच ढेपाळते. या चार अडचणींवर तंत्राची पुस्तके उपाय सांगत नाहीत, कारण दुखणे तंत्राचे नसतेच. बाई देतात ती दोन पथ्ये. पहिले असे, की नेहमीपेक्षा अर्धा-एक तास लवकर उठावे आणि कोणाशी न बोलता, वर्तमानपत्राला हात न लावता, जे मनात येईल ते लिहीत सुटावे. दुसरे असे, की दिवसातली एक वेळ आधी ठरवावी आणि त्या वेळेला, मग कुठेही असलो तरी, लिहायला बसावे. ही वेळ म्हणजे स्वतःला दिलेला शब्द, तो मोडायचा नाही. आणि हे पुन्हा पुन्हा जमले नाही तर? तर लेखन सोडून द्या, असे त्या बिनदिक्कत सांगतात. तुमच्या लिहिण्याच्या इच्छेपेक्षा तुमचा न लिहिण्याचा हट्ट मोठा आहे, हे त्यांचे कारण. धीर देणाऱ्या पुस्तकात इतके कठोर वाक्य सापडावे याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. नंतर लक्षात आले की आपल्याला गंभीरपणे घेतल्याची खूण अशा वाक्यातच असते. 'छान लिहितेस, लिहीत राहा' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी मला आजवर एवढा मान दिलेला नाही.

पहिले पथ्य मुंबईतल्या घरात पाळणे अवघड आहे. पहाटे पाणी येते, ते ठरावीक वेळच असते, भरून ठेवावे लागते. दूधवाला बेल वाजवतो. डब्याची पोळी-भाजी कोणी तरी उरकायची असते आणि ते 'कोणी तरी' कोण हे घरात ठरलेले असते. दुसरे पथ्य मात्र या शहरासाठीच लिहिलेले वाटते. 8.12 ची लोकल ही आमच्यासाठी सव्वाआठची लोकल नसते, आणि ती चुकू नये म्हणून आम्ही अंघोळीपासून चहापर्यंत सगळ्याचा हिशेब उलटीकडून मांडलेला असतो. एवढी शिस्त दुसऱ्यांच्या कामासाठी अंगी बाणवता येते, तर त्यातला थोडा वेळ स्वतःच्या नावावर का टाकता येऊ नये? मी लेडीज डब्यात बसायला मिळाले की मोबाइलवर लिहिते. चौथ्या सीटवर अर्धे बाहेर टेकून, पर्स मांडीवर ठेवून, एका अंगठ्याने. त्या मजकुरात काही दम असतो असे नाही. दम असणे ही त्या वेळेची अटच नाही.

ही अट काढून टाकणे हेच या सगळ्या पुस्तकांचे, माझ्या मते, मुख्य काम आहे. अ‍ॅन लॅमट यांचे 1994 सालचे 'बर्ड बाय बर्ड' त्यासाठीच इतके वाचले गेले. त्यांच्या दहा वर्षांच्या भावाला पक्ष्यांवर एक प्रकल्प लिहायचा होता. तीन महिने हातात असून त्याने काही केले नाही आणि आदल्या दिवशी पुस्तके पसरून तो रडकुंडीला आला. वडील स्वतः लेखक होते. ते शेजारी बसले आणि म्हणाले, एकेक पक्षी घे. पुस्तकाचे नाव त्यावरूनच पडले. पहिला खर्डा वाईट असणारच, सगळ्यांचाच असतो, तो कोणी पाहणार नसतो, म्हणून तो खुशाल वाईट लिहावा, हे त्यांनी ज्या शब्दांत सांगितले आहे ते मराठी दिवाळी अंकात छापता येणार नाहीत, पण ऐकून बरे वाटते. स्टीफन किंग यांनी 'कॅरी' या कादंबरीची सुरुवातीची पाने चक्क कचऱ्यात टाकली होती आणि त्यांच्या पत्नीने, टॅबिथा यांनी, ती उचलून आणून 'हे पुढे लिही' म्हटले, ही हकिगत त्यांच्या 'ऑन रायटिंग'मध्ये आहे. त्या वेळी ते शाळेत शिकवत होते, घर म्हणजे एक ट्रेलर होता, आणि लिहिण्याची जागा म्हणजे त्यातली कपडे धुण्याची खोली. 'ऑन रायटिंग'चे काम अर्धवट असताना जून 1999 मध्ये एका व्हॅनने त्यांना उडवले. हाडे मोडलेली, बसणेही कठीण, अशा स्थितीत काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा लिहायला घेतले तेव्हा पत्नीने टेबल मांडून दिले ते कोठीच्या खोलीबाहेर, मागच्या ओटीवजा जागेत. जगभर खपणारा लेखक कोठीपाशी बसून लिहितो, हे स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा लसणाच्या सालींचा केर सारून वही उघडणाऱ्या बाईला वाचायला मिळाले पाहिजे.

व्हर्जिनिया वूल्फ यांनी 1929 मध्ये स्त्रीला लिहायचे तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लागेल अशी स्वतःची खोली हवी, असे मांडले, आणि ते खरेच आहे. त्याला उत्तर म्हणून आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांचे नाव घेण्याची पद्धत आहे: घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहून त्यांनी लिहिले, 1959 साली आलेली 'फकिरा' त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, मग तुमचे कसले खोलीचे रडगाणे? हा युक्तिवाद मला पटत नाही. अण्णा भाऊंनी खोलीशिवाय लिहिले याचा अर्थ त्यांना खोली नको होती असा होत नाही, आणि खोली नसल्यामुळे ज्यांचे लिहायचे राहून गेले त्यांची नावे आपल्याला कळण्याचा मार्गच नाही. वूल्फबाईंचा हिशेब त्या नावांचा होता.

मराठीत अशी पुस्तके नाहीत काय, असे कोणी विचारील. ना. सी. फडक्यांचे 'प्रतिभासाधन' 1931 साली आले आणि कथा-कादंबरीच्या तंत्रावर पद्धतशीर बोलणारे पुस्तक म्हणून ते दीर्घकाळ वाचले गेले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला या फडके-खांडेकर वादाच्या धुरळ्यात 'तंत्र' हा शब्दच पुढे बदनाम झाला. तंत्रवादी म्हणजे पोकळ, असे समीकरण होऊन बसले. त्याने नुकसान झाले ते शिकू पाहणाऱ्यांचे. फडक्यांच्या कादंबऱ्या आज मला वाचवत नाहीत, पण ही गोष्ट शिकता येते आणि सांगता येते, हा त्यांचा आग्रह मला अजूनही मोलाचा वाटतो.

त्याच्याही कितीतरी आधी समर्थांनी हा विषय हाताळला आहे, आणि तो दोन ठिकाणी, दोन अगदी वेगळ्या नजरांनी. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कवित्वाचे धीट, पाठ आणि प्रासादिक असे प्रकार येतात. धीट म्हणजे धिटाईने जुळवलेले, पाठ म्हणजे पाठांतराच्या जोरावर रचलेले, आणि खरे ते प्रासादिक, जे भगवंताच्या कृपेने येते. आपण सगळ्यांनी हे प्रकरण नेमके उचलले. 'अंगातच असावे लागते' हा त्याचाच उतरत उतरत आलेला संसारी अवतार आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. त्याचे नावच लेखनक्रियानिरूपण. त्यात कृपेचा विषय नाही; टाक आहे, शाई आहे, कागद आहे. अक्षरे कशी असावीत?

वाटोळें सरळें मोकळें । वोतलें मसीचें काळें ।
कुळकुळीत वोळी चालिल्या ढाळें । मुक्तमाळा जैशा ॥

हा समास पोथी नकलणाऱ्यासाठी आहे, रचना करणाऱ्यासाठी नाही, हे मला मान्य आहे. पण हाताने करायच्या कामाकडे किती बारकाईने पाहता येते, याचा तो नमुना आहे. कागदाच्या चहूबाजूंनी जागा सोडावी आणि मध्ये लिहावे, म्हणजे कागद झिजत गेला तरी अक्षर झिजणार नाही. तरुणपणी फार बारीक अक्षर लिहू नये, कारण म्हातारपणी ते कामाला येत नाही. पहिले अक्षर जसे काढले तसेच ग्रंथ संपेपर्यंत चालावे, सगळे एकाच टाकाने लिहिले आहे असे वाटावे. ही शेवटची सूचना मी लांब लेख लिहिताना स्वतःला करते, कारण लेखाचा पूर्वार्ध रविवारी सकाळी आणि उत्तरार्ध गुरुवारी रात्री लिहिला की दोन टाक लख्ख दिसतात. समर्थांच्या नावावर चालत आलेले 'दिसामाजी काहीतरी ते लिहावे' हे वचन घराघरांत पाठ आहे. त्यातल्या 'काहीतरी' या शब्दाने मला जेवढा धीर दिला तेवढा वचनाच्या उरलेल्या भागाने दिलेला नाही.

मराठीत लेखनाचे मार्गदर्शन पुस्तकांपेक्षा पत्रांतून झाले. गिरगावातल्या खटाववाडीत मौज प्रकाशनाच्या कचेरीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक 'सत्यकथा' मासिकाकडे आलेल्या कथांवर सविस्तर पत्रे लिहीत. कुठे कथा सैल पडली, कुठला प्रसंग उपरा वाटतो, शेवट कुठे व्हायला हवा होता, हे कळवून पुनर्लेखन करायला लावत. 'पाडस'सारखा अनुवाद ज्यांच्या हातून उतरला त्या पटवर्धनांच्या कानावरून आपले वाक्य जाणे, हे कुठल्याही अभ्यासक्रमापेक्षा मोठे शिक्षण असणार. त्या दरबाराबद्दल चीडही होती आणि ती निराधार नव्हती. लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी 'सत्यकथे'चा अंक जाळला तो त्या अभिरुचीच्या चौकटीत आपले जगणे मावत नाही म्हणून. 1982 साली 'सत्यकथा' बंद झाले. आज दिवाळी अंकाकडे लेख पाठवला तर छापून येतो किंवा येत नाही. का नाही, हे बहुधा कळत नाही. ती पत्रे यायची थांबली, आणि त्या रिकाम्या जागी ही पुस्तके माझ्याकडे आली, असे मला वाटते.

जर्मन भाषेत लिहिणाऱ्या रिल्के या कवीची पत्रे त्या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. फ्रान्झ झावर काप्पुस या सैनिकी शाळेतल्या एकोणीस वर्षांच्या मुलाने आपल्या कविता पाठवल्या आणि फेब्रुवारी 1903 मध्ये पॅरिसहून त्याला पहिले उत्तर आले. आपण या पत्रांकडे एखाद्या ऋषीची वाणी म्हणून पाहतो, पण ती लिहिणारा स्वतः तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. तू बाहेर पाहतोस, संपादकांच्या मताने खचतोस, ते सोड. रात्रीच्या अगदी शांत प्रहरी स्वतःला विचार, की मला लिहिल्यावाचून राहवणारच नाही काय? हा प्रश्न सुंदर आहे आणि मी तो स्वतःला विचारत नाही. लिहिल्यावाचून मला राहवते. रोज राहवते. पगारपत्रके तपासावी लागतात, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यावे लागते, आणि त्या सगळ्यात लेखन न करता माणूस ठणठणीत जगतो. तरीही लिहावेसे वाटते, एवढ्या मध्यम प्रतीच्या इच्छेवर काम सुरू करता येते असे सांगणारी माणसे मला रिल्केपेक्षा जवळची वाटतात.

धीराचा भाग एवढा, मार्गदर्शनाचे काय? विल्यम झिन्सर यांचे 'ऑन रायटिंग वेल' 1976 चे. येल विद्यापीठात शिकवताना ते विद्यार्थ्यांच्या लेखनात जो शब्द काही काम करत नाही त्याला नुसता कंस घालत, खोडत नसत. माझ्या एका खर्ड्यात असे वाक्य होते: 'दादर स्थानकावर त्या संध्याकाळी जमलेल्या लोकांमध्ये एक प्रकारची अस्वस्थता निर्माण झालेली असल्याचे मला प्रकर्षाने जाणवले.' कंस घालत गेले तर 'एक प्रकारची' गेले, 'निर्माण झालेली असल्याचे' गेले, 'प्रकर्षाने जाणवले' गेले, आणि मागे राहिले ते 'दादरला त्या संध्याकाळी लोक अस्वस्थ होते.' झिन्सरसाहेब इथे समाधान पावले असते. मला मात्र हे वाक्य आखूड होऊनही तितकेच रिकामे दिसले, कारण अस्वस्थता कुठेच दिसत नव्हती. मग आठवून लिहिले: इंडिकेटरवरचा आकडा हलत नव्हता, आणि पिवळ्या रेषेवर उभी असलेली माणसे एकामागून एक वाकून परळच्या दिशेने पाहून पुन्हा सरळ होत होती. हे वाक्य पहिल्या वाक्यापेक्षा लांब आहे. कंसांनी जागा मोकळी करून दिली, ती भरायची कशाने हे पाहावे लागले.

इंग्रजी पुस्तकातला सल्ला मराठीत जसाच्या तसा लागू करायला गेले की व्याकरण आडवे येते, आणि मला वाटते खरे शिक्षण तिथे सुरू होते. कर्तरी प्रयोग वापरा, कर्मणी टाळा, हा स्ट्रंक आणि व्हाइट यांच्या प्रसिद्ध पुस्तिकेतला नियम घ्या. मराठीत 'तिने दार उघडले' हे साधे, ठसठशीत वाक्य कर्मणीच आहे. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ मराठीत बहुधा असाच चालतो आणि त्यात लपवाछपवी काही नाही. लपवाछपवी असते ती 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे' या सोसायटीच्या फळ्यावरच्या वाक्यात आणि 'आपणांस कळविण्यात येते की' या कचेरीतल्या परिपत्रकात. कोण बंद ठेवणार, कोण कळवते, ते वाक्य सांगतच नाही. म्हणजे नियमाचा हेतू बरोबर, पण मराठीत त्याचे लक्ष्य '-ण्यात येते' हे आहे.

क्रियाविशेषणांवर किंग यांचा भलताच राग आहे. मराठीतून ती काढून टाकली तर भाषेचा अर्धा जीव जाईल: लगबगीने, टकमक, हळूच, कडकडून. इथेही संशय घ्यायचा तो ठरलेल्या जोड्यांचा. रडणे आले की ढसाढसा येतेच, हसणे आले की खळखळून, आणि जोडीतले शब्द एकमेकांना इतके सरावले आहेत की वाचकाला त्यांतले काहीच ऐकू येत नाही. लहान वाक्यांच्या आग्रहाबद्दलही असेच. लहान वाक्य मराठीला इंग्रजीने शिकवलेले नाही. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात म्हाइंभटांची वाक्ये बोलल्यासारखी तुटक आणि थेट आहेत. पण उठून, आवरून, डबा भरून, दाराला कुलूप लावून, जिना उतरून ती निघाली, असे 'ऊन'चे पायऱ्यापायऱ्यांचे लांब वाक्यही आपलेच आहे, आणि क्रियापद शेवटी येत असल्याने वाचकाला तोवर धरून ठेवण्याची सोय त्यात आहे. हे वाक्य कुठे तोडायचे आणि कुठे लांबू द्यायचे, हे मला कोणत्याही इंग्रजी पुस्तकाने सांगितले नाही, सांगू शकणारही नव्हते.

अशा पुस्तकांचा एक धोका सगळ्यांना ठाऊक आहे: लेखनाविषयी वाचणे हे लेखन टाळण्याचे फार प्रतिष्ठित निमित्त आहे. माझ्या फळीवर ती ब्रँडबाईंची प्रत आहेच. आणखी लिहायची गरज नाही.

मला हवे आहे ते पुस्तक मराठीत अजून माझ्या हाती लागलेले नाही. ते ज्याने इतरांचे खर्डे वर्षानुवर्षे हाताळले आहेत अशा एखाद्या संपादकाने लिहावे. त्यात नावाजलेल्या लेखकांचे पहिले आणि शेवटचे खर्डे शेजारी शेजारी छापावेत, खाडाखोडीसकट. संवादात मालवणी किंवा वऱ्हाडी कितपत ठेवायची आणि निवेदनात ती आली तर काय होते, यावर एक सबंध प्रकरण असावे. मुंबईच्या मराठीत हिंदी-इंग्रजी शब्द कुठे आपसूक येतात आणि कुठे आळसाने, याची उदाहरणे असावीत. '-ण्यात येते'ला दहा पाने द्यायला हरकत नाही. आणि साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे 18 नियम अवश्य असावेत, पण परिशिष्टात.